भिंतीचे कान

कळवा,
अनंत चतुर्दशीनंतरचा रविवार, १९९४

ती. सुहासिनीवन्संना रतनचा वाकून नमस्कार. या ओलीत तुमचे गुडघे काय म्हणतात? रोह्याला ऊन पडलं असेल तर थोडं इकडे पाठवा.

इथे सगळं ठीक. डोंगराकडच्या आमच्या भिंतीची तेवढी गंमत सांगते. तुमचे भाऊ दर मे महिन्यात छत्रीची काडी घेऊन त्या भिंतीची भोकं साफ करायचे, आठवतं? ("चालले डॉक्टर, भिंतीचे कान कोरायला!" असं विमलाबाई गॅलरीतून ओरडायच्या आणि हे त्यांना सलाम ठोकायचे.) डोंगरात मुरलेलं पाणी त्या भोकांतून निघून जायचं. तेव्हाचा पाऊसही समजूतदार, आठ-आठ दिवस बेतानं पडायचा. हल्ली पंधरवडाभर रखरखीत ऊन, डोंगराला भेगा, आणि मग महिन्याचा पाऊस एका दुपारी. (कॉन्व्हेंटात सिस्टर सांगायच्या, सगळं एकदम बोलू नये. पावसाला कोण सांगणार?)

हे गेल्यावर त्या भोकांकडे कुणी पाहिलं नाही. यंदा गणपतीचा मंडप भिंतीपुढेच होता. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी महिपतराव म्हणाले, "वहिनी, बाप्पाच्या मागे हे लाल ओघळ बरे दिसतात का?" त्यांनी सगळी भोकं सिमेंटनं बुजवली, वर पांढरा रंग दिला आणि त्यावर कमळं काढून घेतली. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पाऊस कोसळला. पाण्याला वाटच नाही. भिंत हळूहळू पोट काढून पुढे आली (विमलाबाई म्हणाल्या, "अगं बाई, हिचे तर दिवस भरले!"), आम्ही सगळे रस्त्यावर धावलो, आणि ती कमळांसकट आडवी झाली. मागोमाग डोंगर. कुणाला खरचटलंही नाही, देवाची कृपा. महिपतराव भर पावसात नुसते उभे होते. मी ह्यांची छत्री त्यांच्यावर धरली. तिची एक काडी नाही, कशानं ते तुम्हाला ठाऊकच आहे. त्या बाजूनं बिचारे भिजतच राहिले.

तर काळजी नसावी. मुद्दाम येण्याची मुळीच गरज नाही.

तुमची,
रतन

ता. क. माती फक्त आमच्याच स्वयंपाकघरात शिरली. आणि थोडी पुढच्या खोलीत, ह्यांच्या फोटोपर्यंत.

आणखी एक. हे पत्र शाळेच्या वर्गात बसून लिहिते आहे. बाकं लहान मुलांची, म्हणून अक्षर वाकडं. घरात आता परत जाऊ देणार नाहीत, असं महापालिकेची माणसं काल सांगून गेली. वन्सं, तुमची मागची खोली रिकामी आहे का? सामान काही नाही. एक छत्री आहे.