बाबांच्या भुवयांवरची रुई

बाबा, आज मी शाळेत शिकवून घरी आले आणि चप्पलही न काढता खुर्चीत बसून राहिले. थकवा आता झोपेनं जात नाही. तुम्ही गेलात त्या वयाच्या पुढे मी कधीच निघून आले, आणि अशी बसले की दिग्रसचं अंगण आठवतं. तुम्ही कापसाच्या जिनिंग मिलमधून येताय. डोकं, भुवया, मिशा, सगळं रुईनं पांढरं. आई दारातूनच ओरडते, "तिथंच थांबा! घरभर रुई करान!" मी सहा वर्षांची. पंचा घेऊन ओट्यावर चढते आणि तुम्हाला झटकते. तुम्ही रोज कामावर म्हातारे होता आणि मी तुम्हाला पुन्हा जवान करते, अशी माझी पक्की खात्री होती. शेजारच्या पोरींसमोर मी त्याची केवढी मिजास करायची!

एकदा तुम्ही स्वच्छ तोंडानं आलात. मी भोकाड पसरलं, जेवले नाही, आईचा धपाटा खाल्ला. तुम्ही एवढंच म्हणालात, "उद्या येतो बुढा होऊन. जेव बरं आता." दुसऱ्या दिवसापासून पुन्हा पांढरे. पुढे खोकला लागला, आणि मी दहावीत असताना तुम्ही गेलात.

परवा आईकडे गेले होते, तेव्हा बाजारात जिनिंगचे मेकॅनिक चाचा भेटले. ऐंशीच्या घरात आहेत आता. म्हणाले, "बेटी, सुट्टी झाली का सारे नळावर हातपाय धुवून निघत. तुहे बाबा तसेच पळत. म्हनत, पोरगी पंचा घेऊन उभी असंल. आमी लय हसो त्याइले."

मी हसले, आणि परतताना एसटीत रडले. डॉक्टरांनाही विचारलं, तोंड धुऊन निघाले असते तर खोकला टळला असता का. ते म्हणाले, दिवसभर छातीत गेलेली रुई तोंड धुऊन थोडीच निघते. पटलं मला. तरी माझ्या हट्टापायी रोज घरापर्यंत ती रुई नाकातोंडाशी घेऊन तुम्ही चालत होतात, हे मनातून जात नाही. लोकांना बालपण परत हवं असतं. मला परवाच्या आधीचं अडाणीपण मिळालं तरी पुरे. हे वहीत लिहितेय, आणि वही शाळेच्या कपाटातच राहील, कारण आई माझ्याकडे राहायला येते तेव्हा अजून चष्मा लावून हाती लागेल ते वाचते.

तुमच्या खोकल्यासाठी ती आजही जिनिंगच्या मालकाच्या नावानं बोटं मोडते. चाचांचं बोलणं मी तिला सांगितलेलं नाही. ती बोटं मोडते, मी शेजारी बसून भाजी निवडते, आणि "हो ना" म्हणते.