गाडीत बसून राहतो म्हणे

रविवार, १२ जानेवारी २००३

आज नॉर्वेला फोन लावला तो सूनबाईने, इंग्रिडने उचलला. एरवी मध्ये दुभाष्या असतो तो माझा संजू आज नव्हता. त्याने दिलेल्या इंग्रजी-नॉर्वेजियन पुस्तकातलं वेळ घालवण्याचं पान मी रोज घोकतेय. ‘स्पेंड टाइम’ला तिकडे ‘टिलब्रिंगे टीद’. धीर करून तिच्याच भाषेत विचारलं, संजू रविवारी वेळ कसा घालवतो?

"आई, किती छान!" ती हसली. मग सावकाश, सोप्या शब्दांत म्हणाली, "गाडीत बसून राहतो. दारासमोर. घरात येत नाही. आत्ताही तिथेच आहे."

गाडीत? मला नीट कळलं ना? पुन्हा विचारलं. गाडीतच.

हेही शेवटी शेवटी अंबडच्या कारखान्यातून आले की फाटकाशी स्कूटरवर बसून राहायचे. थकले असतील, वाटायचं. मग एका संध्याकाळी आलेच नाहीत. धरणात सापडले.

हे तिला कसं सांगू? येत होतं ते वाक्य म्हटलं, "त्याच्याबरोबर वेळ घालव. आत्ता, इंग्रिड. आत्ता."

तिने रिसीव्हर टेबलावर ठेवला. दार उघडलं. "संजू!" अशी हाक ऐकू आली, मग गाडी सुरू झाल्याचा आवाज. तेवढ्यात लाइन तुटली.

तेव्हापासून लावतेय. एंगेज येतोय. म्हणजे रिसीव्हर अजून तसाच टेबलावर पडलाय.