आलेवाहीजवळची झाडलेली जागा

सिंदेवाही
७ जून २०२५

दिव्यानीले,

नमस्कार लिहू की कशी आहेस लिहू हे ठरत नाई, तर दोन्ही घे. इकडं सगळे बरे आहेत. ऊन अजून उतरलं नाई. पुनम उद्या गडचिरोलीले तुमच्या होस्टेलवर परत जाऊन राह्यली, तिच्याच हातून हे पाठवतो. फोन करायचा नाई असं तू म्हणाली होती. पत्राचं काही म्हणाली नव्हती.

झाली! दिव्यानी, लाईन झाली! बल्लारशा ते गोंदिया, अख्खी. कॉम्प्युटरवर रेल्वेचा गेम असते ना, ज्यात आपणच ड्रायव्हर असतो, त्यात आता आपली लाईन आहे. चांदा फोर्ट आहे, केळझरचं जंगल आहे, राजोली, सिंदेवाही, आलेवाही, वडसा, सगळं आहे. जिशानच्या दुकानात दिवसभर मोबाईल दुरुस्त करतो अन् गिऱ्हाईक नसलं की मागच्या खोलीत रूळ टाकतो. त्याचे अब्बा बाबूभाई म्हणतात, "सरकारच्या डबल लाईनच्या आधी याचीच लाईन होते बे, जिशान." काल मी बल्लारशाहून गाडी सोडली तर बाबूभाई स्टूल घेऊन बाजूले बसले अन् मूलपर्यंत उठलेच नाई. दारात गिऱ्हाईक बोंबलून राह्यलं होतं!

आता जमिनीचं सांगतो, कारण ह्या पत्राचा सगळा मामला जमिनीचाच आहे.

हा गेम परदेशी. रूळ आपण टाकतो, झाडं आपण लावतो, पण खालची जमीन आधीपासून त्यांचीच येते. हिरवीगार, कापलेलं लॉन असते तशी. विचार कर, मे महिन्यात आलेवाहीले लॉन! पाहून माझं डोकंच फिरलं. मंग समजलं की ती अख्खी जमीन म्हणजे एकच चौकोनी फोटो आहे. तोच फोटो बाजूबाजूले लावत लावत गेम सारा मुलूख झाकून टाकते. फरशी बसवतात तसं. फोल्डरात जाऊन तो फोटो काढायचा, त्याच नावानं आपला टाकायचा, की बल्लारशापासून गोंदियापर्यंत जमीन बदलली!

पहिला फोटो मी लटारूभाऊच्या धानाच्या बांधीतला टाकला. मोठ्या खुशीत गाडी सोडली. जिशान मागून म्हणते, "अबे आदेश, हे काळं काळं काय आहे सगळीकडं?" पाहतो तर शेळीच्या लेंड्या. फोटोत कोपऱ्यात चार होत्या, त्या तीन जिल्ह्यांत पसरल्या. स्टेशनमागं लेंड्या, पुलाखाली लेंड्या. जिशान खुर्चीवरून पडायचा राह्यला.

तेव्हा कळलं की फोटोत एकही वेगळी वस्तू नाई पाहिजे, नाई तर ती जागोजागी दिसते. पण मार्चात साफ जमीन आणायची कुठून? जिकडंतिकडं पानाचा सडा. फुलं वेचायले मोहाखाली लोक पाला जाळतात, तर तिथं काळं. फक्त तुमच्या मोहाखाली तुझ्या आजी शकुबाई आग लावू देत नाई, खराट्यानं झाडायले लावतात. म्हणून मी त्या दिवशी तिथं आलो होतो. तुले वाटलं असेल तुलेच पाहायले आलो. तेही खरं आहे, पण मोबाईल जमिनीसाठीच काढला होता.

"लोक पोरींचे फोटो काढतात," तू म्हणाली, "अन् तू मातीचे काढून राह्यला?"

मी मंग एका दमात बोलून टाकलं, की तुझ्या बाबाशी बोलायचं आहे, लग्नाचं. तू खराटा थांबवला नाई. म्हणाली, "काय सांगशील बाबाले? कॉलेज अर्ध्यात सोडलं, कोचिंग अर्ध्यात सोडलं, हेही अर्ध्यातच सोडशील. एक काम शेवटापर्यंत ने, मंग ये. तोवर फोन नाई." अन् झाडत झाडत दुसऱ्या बाजूले गेली.

मले एवढा राग आला होता! मोहफुलं तुडवत निघून गेलो. पण फोटो चांगला आला होता.

तोच फोटो गेममध्ये टाकला. लेंडी नाई, पान नाई, आपली तांबूस माती, पाहिजे तशी. गाडी सोडली अन् केळझर गेल्यावर मले दिसलं. तुझ्या खराट्याच्या रेषा. अर्ध्या गोलाच्या, एकात एक. बांध्यांत, जंगलात, रुळाच्या दोन्ही बाजूले, पार गोंदियापर्यंत. जणू तू पुढं पुढं झाडत चालली अन् मी मागून गाडी घेऊन येऊन राह्यलो. मले तशीच पाहिजे होती ती जमीन.

आता पुढचं लिहायचं मी इतका वेळ टाळून राह्यलो.

आमचा गेमवाल्यांचा एक ग्रुप आहे, त्याचे ॲडमिन नागपूरचे गुणवंतराव. त्यांनी पास केल्याशिवाय लाईन लोकांसाठी टाकता येत नाई. मागच्या आठवड्यात त्यांनी ग्रुपवर सगळ्यांसमोर लिहिलं, "आदेश, काम छान. पण जमिनीवरून कोणी कंगवा फिरवला का? त्या रेषा काढून टाक." खाली लोकांनी हसण्याची चित्रं टाकली. माझं डोकं गेलं. नको ते लिहिलं. वयस्कर माणूस आहे हेही पाहिलं नाई. ग्रुप सोडला. जिशानले म्हटलं, उडव सगळं, फोल्डरच उडव.

कॉलेजातही हेच झालं होतं. तुले मी सांगितलं होतं की शिकवत नव्हते म्हणून सोडलं. तसं नव्हतं. प्रॅक्टिकलले सर माझ्या वायरच्या जोडणीवर हसले, वर्ग हसला, मी फाईल आपटून निघालो अन् परत गेलोच नाई. एवढंच होतं.

जिशाननं काही उडवलं नाई. म्हणाला, "रेषा पुसायले दहा मिनिटं लागतात बे. काऊन नाई पुसत?" मंग त्यानं फोटो मोठा करून पाहिला, माझ्याकडं पाहिलं, अन् साल्याले समजलं. "दिव्यानी झाडत होती का?" मी उठून पंखा वाढवला. "अन् तू तिले न विचारता तीन जिल्ह्यांत अंथरून ठेवलं? तिले माहीत पडलं ना, त्याच खराट्यानं हाणते तुले."

मी पहिले त्याच्यावरही भडकलो. मंग घरी जाताना हसू आलं, अन् मंग बरोबर वाटलं.

तुझ्या रेषा पुसायचं मन होईना, म्हणून नवा फोटो काढायले परवा सकाळीच तुमच्या मोहाखाली गेलो. जमीन झाडली, पण माझ्या खराट्याच्याही रेषा उमटल्याच. शकुबाई आल्या. "उन्हात मातीकडं काय पाहून राह्यला रे आदेश?" म्हटलं, बाई, रेषा नाई पाहिजे. त्यांनी कारण विचारलं नाई. "पाणी शिंपड अन् वाळू दे, जातात," म्हणाल्या, अन् स्वतः पाण्याचा गुंड भरून आणून दिला. जाताना मीच विचारलं नसताना म्हणाल्या, "दिव्यानी येते पुढच्या रविवारी." मी त्यांच्याशी बाकी काही बोललो नाई. शपथ.

आता सगळीकडं ती नवी जमीन आहे, साधी, कोणाचीच नसलेली. गुणवंतरावांले फोन करून माफी मागितली. ते म्हणाले, "बाबा, तुझ्या वयात मीही असाच तापट होतो, आता गोळी घेतो." लाईन पास झाली!

पण गेममध्ये एखाद्या चौकोनाले वेगळा फोटो देता येते. एक चौकोन मी ठेवला. आलेवाहीचा सिग्नल गेला की डाव्या हाताले, एका मोहाखाली. तिथं रेषा आहेत. गाडी तिथून क्षणात निघून जाते, सांगितल्याशिवाय कोणाले दिसणार नाई. तू नको म्हणशील तर तोही साधा करतो, अन् या वेळी भडकणार नाई.

लाईन लोकांसाठी टाकायचं शेवटचं बटन बाकी आहे. ते मी मुद्दाम दाबलं नाई. १५ तारखेले, रविवारी, दुकानात ये, पुनमलेही आण. बाबूभाईच्या स्टुलावर तू बस. बल्लारशाहून मी सोडतो. त्या मोहाजवळ गाडीले थांबा नाई. तू म्हणशील तर थांबवतो, तू म्हणशील तर शिटी वाजवून पुढं नेतो. पण गोंदियापर्यंत नेतो.

अन् हे शेवटी, कारण आधी लिहिलं असतं तर तू लाच समजली असती. कॉलेजात जाऊन आलो. सर भेटले. जुलैपासून दुसऱ्या वर्षाले परत बसतो.

पत्राच्या शेवटी नावाआधी एक शब्द लिहायचा असते. ती जागा मी झाडून मोकळी ठेवली आहे. काय लिहायचं ते रविवारी तू सांग.

........... आदेश