दुसऱ्यांच्या ढोलावर

सान फिदेल, २ एप्रिल १९८९

चि. टोटो देल्फिन यास,
अ. उ. आ.

बातमी अशी, की मी शाळेचा बँड मोडला! पिसांच्या टोप्या, पांढरे बूट आता पालकांच्या माथी नाहीत. फी जवळजवळ निम्म्यावर आली आणि ढोल विकून प्रयोगशाळा उभी राहिली. पूर्वी बाई प्रयोग करायच्या, मुलं बघायची. आता प्रत्येक मूल स्वतः करतं. मला तर आनंद मावेना! विश्वस्तांनी मात्र बजावलंय, जूनमध्ये नवा वर्ग भरला नाही तर शाळेला कुलूप.

तुझी लेक मारिकार यंदा बँडपुढे छडी फिरवणार होती. माझ्या हातचं जेवते, पण माझ्याशी बोलत नाही.

प्रकृतीला जप. लोभ राहू दे, राग पुढच्या पत्रात काढ.
तुझी थोरली बहीण, मनांग पुरिता

मनिला, १६ एप्रिल

ती. मनांगला सा. न.

काढतोच! भाजलेल्या डुकराच्या लेचॉनशिवाय लग्न आणि बँडशिवाय खाजगी शाळा आपल्याकडे कुणी पाहिलीय? लोक शाळा कानांनी निवडतात. गावजत्रेच्या, फिएस्टाच्या मिरवणुकीत तुम्ही मुकाट चाललात, तर विचारतील, कुणाला पोचवायला निघालात?

चेष्टा पुरे. गणित शिकवून पोट भरेना म्हणून तुझी शाळा सोडून मी या लोखंडाच्या दुकानात आलो. पण ती बंद पडलेली मला बघवणार नाही. जपून कर.

धाकट्यावर माया आहेच, ती आटू देऊ नकोस.
तुझा देल्फिन

सान फिदेल, २२ मे

चि. टोटोस अ. आ.

फिएस्टात अगदी तस्संच विचारलं रे लोकांनी! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आमच्या मागेच सिस्टरांच्या शाळेचा बँड दणदणत होता. एकाएकी मारिकार रांगेबाहेर आली आणि त्यांच्याच ढोलावर नाचू लागली. मागोमाग सगळी पोरं! सिस्टरांनी रागाने वाजवणं थांबवलं, तर गर्दी ओरडली, वाजवा, वाजवा! लोक हसत विचारत होते, तुमचा बँड कुठाय? पोरं नाचता नाचता सांगत सुटली, बँड गेला, प्रयोगशाळा आली, फी निम्मी!

सोमवारी दारात पालकांची ही गर्दी! एक नाही, दोन वर्ग भरले. मारिकार रात्रभर बडबडत होती.

आता या वाढलेल्या वर्गाला गणिताचा मास्तर हवा. पगार दुकानाएवढा नाही, पण तुझ्या जुन्या पगारापेक्षा बरा. येतोस?

उत्तराची वाट बघणारी,
मनांग

मनिला, ३० मे

ती. मनांगला सा. न.

मालकाला सांगितलं. शनिवारच्या बोटीने निघतो. मारिकारला सांगून ठेव, घरी बाबा, वर्गात सर.

तुझाच,
देल्फिन