आठनंतर सहा

२ जानेवारी १९८४
घाटकोपरला नोकरी लागली बाई एकदाची! फिजिओथेरपीची पदवी हातात येऊन महिना नाही झाला, आणि चंद्रप्रकाश सरांनी दवाखान्यात मला स्वतंत्र टेबलही दिलं. दोन खोल्या, एक पंखा, भिंतीवर दोरीची कप्पी. दुपारी सर मुलुंडला घरचे पेशंट बघायला जातात, म्हणजे चार ते सहा मीच राणी. त्यांनी आज एक युक्ती शिकवली. सांधा ताणून धरताना पेशंटला सांगायचं, दहा मोजून सोडते. मोठ्यानं मोजायचं आणि आठ झाले की गुपचूप पुन्हा सहावर यायचं. तो कळवळत असतो, त्याला कुठं कळतंय! मला हसू आवरेना.

५ जानेवारी
चारचा पेशंट दत्ताराम. मालवणकडचा, अंगाला विडीचा वास, संपात गिरणीतली नोकरी गेली. उजवं कोपर मोडलेलं, प्लास्टर निघालंय, पण हात काटकोनापुढं वाकत नाही. वॉचमनची नोकरी ठरलीय, वीस तारखेला साहेबासमोर सलाम ठोकून दाखवायचाय. तेवढा करून दी गो बाये, म्हणाला. कॉलेजात मॅडमनी शंभरदा बजावलं होतं, कोपराशी मारामारी करायची नाही. जबरदस्ती केली की मांसात हाड तयार होतं. पण हळूहळू करत बसले तर वीस तारीख कशी गाठणार? आणि माझ्या हातात ताकद आहे की!

११ जानेवारी
आज जोर लावला. दत्ताराम पुरे पुरे म्हणून किंचाळत होता, टेबलावर डोकं आपटत होता. मी आठनंतर सहा, पुन्हा आठ, पुन्हा सहा. आत काहीतरी कट्कन तुटलं आणि वीस अंश जास्त वाकलं! सहाला सर परतले, ऐकून खूश. झकास वाटलं, खोटं कशाला बोलू.

१९ जानेवारी
वाट लागली. कोपर दगड झालंय. दंडात मांसाच्या जागी बोटांना हाड लागतंय. सरांना बोलले नाही. कागदावर लिहून टाकलं, पेशंट घरी व्यायाम करत नाही.

२३ जानेवारी
त्याची बायको मालन आली होती. नोकरी हुकली. शनिवारी त्यानं वरवंट्यानं स्वतःचं कोपर ठेचलं, वाकेपर्यंत ठेचत राहिला. रक्त जाऊन गेला. ठेचताना मोजत होता, आठच्या पुढं जातच नव्हता म्हणे. असं का, ते ती मला विचारत होती.

२४ जानेवारी
चार वाजता. टेबल रिकामं. कुणीतरी माझं उजवं मनगट धरलं, दंड टेबलावर दाबला. विडीचा वास. कानाशी मोजणं. सुटले तेव्हा मनगटावर बोटांचे निळे वळ.

२७ जानेवारी
माझं कोपर वाकत नाही. दंडात हाड — चाचपलं, आहे. सरांना सगळं सांगितलं. हसले. जया, तू घरी व्यायाम करत नाहीस, म्हणाले. आणि मुलुंडला निघून गेले.

३० जानेवारी
डाव्या हातानं लिहितेय. पावणेचार. कडी मीच लावली होती, आता निघत नाही —

चार. आला.

माझा उजवा हात कपाळाकडं नेतोय. सलाम. कातडी फाटली, हाड बाहेर — पानावर रक्त —

दत्ताराम, पाया पडते, चुकले मी, मीच —

दहाला सोडतो म्हणालाय. दहाला.

सहा. सात. आठ.

सहा —