खांबाला हात लावायचा नाही

अण्णा, आज क्लासमध्ये नव्याने आलेल्या एका बाईंनी माझे दंड बघून विचारलं, ही ताकद कुठून कमावलीत? मी म्हटलं, लहानपणी गावाला मल्लखांब करायचे. कुणी शिकवला ते सांगितलं नाही. तुमचा विषय निघाला की पुढचंही सांगावं लागतं आणि पुढचं सांगताना माझा आवाज अजून चढतो. माणूस गेलं की त्याच्यावरचा राग निवतो म्हणतात. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, माझा काही निवलेला नाही. तुमच्याशी धड भांडायचं राहूनच गेलं, म्हणून आता कागदावर भांडते आहे.

दिवसभर तुम्ही आळेफाट्याच्या गॅरेजात ट्रकचे पाटे बदलायचात आणि संध्याकाळी पिंपळवंडीच्या तालमीत वस्ताद व्हायचात. आई कांदे काढायला गेलेली असली की घरी मला बघायला कुणी नसायचं, म्हणून तुम्ही मला बरोबर न्यायचात. तालमीत बाईमाणसाने पाय ठेवायचा नाही ही रीत, पण मी तेव्हा बाईमाणूस नव्हते, नुसतं पोर होते. मला अजून दिसतं, तुम्ही तळहाताने खांबाला एरंडेल चोळताय, मुलं रांगेत उभी आहेत आणि रांगेच्या शेवटी मी. माझा नंबर येतो. मी खांबाला नमस्कार करते, उडी घेते, पायांची अढी बसते आणि डोकं खाली. उलटी लाल माती दिसते, तुमच्या पायांची बोटं दिसतात. "आवळ. आजून आवळ. खांब न्हाई तुला सोडत, तूच त्याला सोडशील," तुम्ही म्हणता. पुढे पुढे मोठ्या मुलांना जमत नव्हतं तेही मला जमायला लागलं. खांबाच्या टोकावरच्या बोंडावर मी एका पायावर उभी राहायचे, आणि तुम्ही खालून ओरडायचात, "बगा रं, पोरीकडनं शिका जरा!" तेवढ्या वाक्यावर मी आठवडाभर ताठ मानेने हिंडायचे.

मग सातवीत मला न्हाण आलं. यात्रा तोंडावर आली होती. देवळासमोर सगळ्या गावापुढे तालमीची प्रात्यक्षिकं व्हायची होती आणि टोकावरचं आसन मी करायचं हे तुम्हीच ठरवलं होतं. आई चुलीपाशी भाकऱ्या थापत होती. तुम्ही जेवायला बसलात आणि ताटाकडे बघत म्हणालात, "उद्यापासनं तालमीत यायचं न्हाई. खांबाला हात लावायचा न्हाई."

"का?"

"मोठी झालीस आता."

"कुणी काय बोललं का तुमाला?"

"कुणी कशाला बोलाया पायजे? रीतच हाय."

आईने तव्यावरची भाकरी उलटली. अण्णा, माझा सगळा राग त्या एका उत्तरावर आहे. गावातल्या जाणत्यांनी तुम्हाला बोलावून दम दिला असता, तर मी समजून घेतलं असतं. रडले असते, पण तुमच्या बाजूने रडले असते. तुम्हाला तर कुणी चकार शब्द बोललं नव्हतं. भरलेल्या ट्रकखाली जॅकच्या भरवशावर बिनधास्त शिरणारा माणूस, आणि कुणी न विचारलेल्या प्रश्नाला घाबरून आधीच वाकला! दुसऱ्या दिवशी तुम्ही परसातल्या लिंबाला एक जाड दोरी टांगलीत आणि म्हणालात, "पोरी दोरीवरचा मल्लखांब करत्यात. हितं कर, कुणी बगत न्हाई." दोरीशी माझं वाकडं नव्हतं, पण ‘कुणी बघत नाही’ हे तुम्ही मला बक्षीस दिल्यासारखं सांगितलंत. मी त्या दोरीला कधी शिवले नाही. शेवटी आईने तिला शेरडू बांधलं. यात्रेत माझं आसन दुसऱ्याच मुलाने केलं, त्याचे पाय लटपटत होते, तरी तुम्ही टाळ्या वाजवल्यात. मी बायकांमध्ये बसून तुमच्याकडे बघत होते. तुम्ही एकदाही त्या बाजूला बघितलं नाहीत.

त्यानंतर मी अंग चोरून जगायला शिकले. लग्न होऊन पुण्याला आले, ऑफिसात लागले, जिन्यात समोरून कुणी आलं की भिंतीला चिकटून उभी राहायचे. तुम्ही एकदा आमच्याकडे आला होतात तेव्हा गॅसचा सिलिंडर आला आणि गाडीवाला तो खालीच ठेवून गेला. तुम्ही म्हणालात, "ऱ्हाऊ दे, पावणं आले की आणतील वर." तुमचे पावणे, म्हणजे माझा नवरा, पाठदुखीने बेजार. मी खाली गेले आणि सिलिंडर खांद्यावर घेऊन वर आले. मला वाटलं, आता तरी काहीतरी बोलाल. तुम्ही पेपर उघडलात.

तुम्ही गेल्यावर मी पोल डान्सच्या क्लासला जायला लागले. पोल डान्स म्हणजे जमिनीपासून छतापर्यंत स्टीलचा खांब, आणि त्याच्यावर कसरत आणि नाच दोन्ही. पहिल्या दिवशी मी काय केलं असेल? पर्समधून एरंडेलाची बाटली काढली, तळहातांना, पोटऱ्यांना चोळलं, खांबालाही लावलं, नमस्कार केला आणि उडी मारली. दाणकन खाली आपटले. शिकवणारी मुलगी दिल्लीकडची, धावत आली, "दीदी, ये क्या लगा लिया आपने?" लाकडी खांबावर तेलाने अंग फिरतं. स्टीलवर उघडी, कोरडी कातडी चिकटली तरच माणूस टिकतं. खांब स्पिरिटने पुसून काढेपर्यंत सगळ्याजणी हसत होत्या आणि मला तुमचा असा काही राग आला! तुमचं तेवढंच शिकवणं माझ्याकडे उरलं होतं आणि तेही तिथे चालत नव्हतं. अढी मात्र चालली. महिनाभरात मी सगळ्यांच्या पुढे होते.

अडले ते नाचाला. त्या मुलीने गाणं लावलं आणि म्हणाली, कसरत पुरे, मनात असेल ते करा. मी खांब धरून नुसती उभी. तालमीत तुम्ही आकडा म्हणायचात आणि आम्ही करायचो, मनात काय आहे हे कुणी कधी विचारलंच नव्हतं. माझ्या मनात एकच होतं, ते चुलीपाशी झालेलं बोलणं. मी वर गेले, उलटी झाले, हात सोडले, घसरत आले आणि डोकं जमिनीला लागायच्या आत थांबले. पुन्हा वर गेले, पुन्हा तेच. गाणं हळुवार होतं, मी मात्र कडाकडा भांडत होते. उतरले तेव्हा फार बरं वाटत होतं. पुढच्याच आठवड्यात साहेबांनी दुसऱ्याची चूक माझ्यावर ढकलली, तेव्हा मी सगळ्यांसमोर उभी राहून नाही म्हटलं.

क्लासचा कार्यक्रम ठरला तेव्हा आईला बोलावलं. टीव्हीवर सारख्या डान्सबारच्या बातम्या चालायच्या, ती हेही त्यातलंच समजेल म्हणून सांगताना माझी जीभ अडखळत होती. ती आली, बरोबर काकू आली. माझी आखूड चड्डी बघून काकू म्हणाली, "आगं बया, ह्ये कसलं कापडं!" आई फाडकन म्हणाली, "कातडीनंच धरायचं आसतं त्ये. तालमीतली पोरं काय सदरा-इजार घालून चडायची व्हय? ह्यांचा लंगोट जलमभर म्या धुतलाय." मी नाचले. नंतर आईला विचारलं, "अण्णांना काय वाटलं असतं गं?" तिने खोटं बोलावं अशी माझी इच्छा होती. ती म्हणाली, "अर्ध्यातनं उठून गेले आसते. आन घरी येऊन म्हनले आसते, अढी सैल पडती पोरीची." मला हसू आलं आणि मग दिवसभर तुमचा राग येत राहिला, कारण ते अगदी तसंच झालं असतं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. पण भांडण सरळ करायचं तर माझ्याकडचंही एक सांगायला हवं. क्लास कसा सापडला असं कुणी विचारलं की मी सांगते, एकदा सहज जाता जाता पाटी दिसली. ती पाटी मला तुम्ही असतानाच दिसली होती. क्लास वरच्या मजल्यावर, आणि मी रोज पाटीखालून जायचे. कमावती, लग्न झालेली बाई, पण तुम्हाला विचारायची हिंमत नव्हती आणि न विचारता वर जायचीही नव्हती. तुमचं वर्षश्राद्ध झालं आणि पुढच्याच सोमवारी मी नाव घातलं. तुम्ही आज असतात, तर अण्णा, मी अजून खालीच उभी असते.