थोरलीला फासा लागत नाही

चाळीसगाव
३० जुलै २०२५, बुधवार

चि. हेमा हिला तिच्या आईचे पोटभर आशीर्वाद.

इकडे बठ्ठं बरं शे. काल नागपंचमी झाली. गुडघा कुरकुरतो पण चालते. माझं अक्षर तिसरीपर्यंतचं, त्यात चष्मा तुझ्या भावाचा, धर्मेंद्रचा जुना, तेव्हा सांभाळून वाच. फोन का नाही केला म्हणशील. फोनवर तू "हं, हं" करतेस आणि मी पावसाचंच बोलत बसते.

बातमी मोठी आनंदाची आहे. तुझ्या भाचीचं, आपल्या ममताचं पुस्तक छापून आलं! म्हणजे पुस्तक नाही गं, खेळ आहे. पण दिसतो पुस्तकासारखा, देवपूजेच्या पोथीएवढा. त्यात पट नाही, सोंगट्या नाहीत. चार-पाच जणांनी गोल बसायचं, एकेकानं एकेक सोंग घ्यायचं आणि बोलत बोलत गोष्ट पुढे न्यायची. अडलं की फासा टाकायचा. मी म्हटलं, हे तर आम्ही बायका पापड लाटताना रोज करतो, फासा तेवढा नव्हता. असे खेळ स्वतः लिहून स्वतः छापणारी पोरं पुण्याला, बंगळूरला खूप आहेत म्हणे. मध्ये त्यांची जत्रा भरली होती पुण्यात, तिथं ममतानं सतरंजी टाकून चाळीस खेळ विकले. भांडणंही असतात हो त्यांची. कुणी कॉम्प्युटरकडून चित्रं काढून घेतली म्हणून त्याला सगळ्यांनी वाळीत टाकलं. आपल्या पोरीनं सगळी चित्रं हातानं काढली. पहिल्या पानावर माझा हात आहे, मुठीत गहू धरलेला. करंगळी वाकडी आहे ती पण काढली कार्टीनं. खाली छापलंय, "आजीनं सांगितलेल्या गोष्टीवरून". मी ते पान गल्लीत सगळ्यांना दाखवून आले. ताईबाई म्हणाली, "पैसे किती दिले गं नातीनं?" जळते ती.

खेळाचं नाव "रोट".

हो, आपलेच. कानबाई देवीच्या नैवेद्याचे.

गेल्या रविवारी ममता आली आणि आम्हाला खेळायला बसवलं. चिठ्ठ्या काढल्या. धर्मेंद्र शेजारीण झाला. डोक्यावर टॉवेल घेऊन, कंबर हलवत म्हणतो कसा, "ओ माय, वास तं भारी ई राह्यना!" सूनबाई हसून आडवी. ती खेळातही सूनच झाली, बिचारीची सुटका नाही. ममता झाली माहेरी परत आलेली लेक. पिशवी मांडीवर घेऊन उंबऱ्यावर बसली. आणि मी थोरली, घरची कर्ती बाई.

खेळ असा की कानबाईचा दिवस आहे, रोट झालेत, आणि रोट तर आपल्या कुळाबाहेर जात नाहीत. लेक दिली की ती परकी. मग उंबऱ्यावरच्या लेकीचं काय करायचं? सुनेला चोरून तुकडा द्यायचा तर फासा टाकावा लागतो. भावाला तोंड उघडायचं तर फासा. सूनबाईनं तीनदा टाकला, तिन्ही वेळा दान उलटं पडलं. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी मजेत होते, म्हटलं, "नियम तो नियम बाई. लेक परकी." ममता उठली, पिशवी घेतली, दाराबाहेर गेली. खेळ संपला.

मग ती आत येऊन म्हणाली, "आजी, तुझी चिठ्ठी नीट वाचली नाहीस. थोरलीला फासा लागत नाही. ती कधीही 'मझार ये' म्हणू शकते, की लेक आत."

बंगळूरच्या हसनैन नावाच्या मुलानं या खेळावर इंग्रजीत लिहिलंय, ते तिनं मराठीत वाचून दाखवलं. आधी कौतुक आहे, चित्रांचं, माझ्या हाताचं. मग लिहितो, "आम्ही हा खेळ सहा वेळा खेळलो. सहाही वेळा लेक उपाशी गेली. थोरली दुष्ट नाही. तिला कुणाला विचारायचं नव्हतं, फासाही टाकायचा नव्हता. म्हणूनच तिला माफ करणं जड जातं." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

ममतानं विचारलं, "आजी, ती गल्लीतली बाई कोण होती गं?" मी तिला गोष्ट सांगताना गल्लीतली एक बाई म्हणून सांगितली होती. म्हटलं, तू नाही ओळखत. धर्मेंद्र खाली बघत होता.

हेमा, अठरा वर्षं मी म्हणत आले की भाऊबंद बसले होते, रीत होती, मी काय करणार. पण तुझी आजी तेव्हा नव्हती. थोरली मीच होते. तू नवऱ्याचं घर सोडून आलीस, तुला ओट्यावर मी भाकरी-चटणी दिली, आणि आत रोटांना तूप मीच वाढत होते. तू एकदाच विचारलंस, "आई, मग मी आता कुठल्या घरची?" मी ऐकू न आल्यासारखं केलं. ऐकू आलं होतं. दुसऱ्या दिवशी तू नरडाण्याला कामाला गेलीस, ती कानबाईला परत आली नाहीस.

रविवारी कानबाई आहे. आज रोटांचे गहू मोजले, घरातल्या एकेका माणसाच्या नावानं सव्वा मूठ. शेवटी एक मूठ जास्तीची टाकली. सूनबाईनं विचारलं, "आई, ही मूठ कोना नावनी?" मी काय म्हणाले असेन? म्हणाले, "हात चुकला."

असं आहे तुझ्या आईचं. घरात सून एकटी होती, तरी तोंड उघडलं नाही. रविवारी तर सगळे भाऊबंद असतील. म्हणून माझा भरवसा धरू नकोस. गल्लीतला सुकदेव उद्या नरडाण्याला कंपनीत जातोय, त्याच्या हाती हे पत्र देते. आलीस तर सोबत आण. माझी जीभ पुन्हा अडली तर उंबऱ्यावर उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं वाच. अक्षर माझंच आहे, मला नाही म्हणता येणार नाही.

नाही आलीस तरी ती मूठ मी पुन्हा पोत्यात टाकणार नाही.

हेमा, मझार ये.

तुझी आई,
त्या घरातली थोरली